खुराड्यावरचं फ्लायव्हील

मक्याचं गोदाम उघडायच्या तोंडावर थोरल्याच्या ट्रकनं आपलं इंजिन फोडून घेतलं. चढावर मोठा आवाज झाला, इंजिनाच्या कुशीला भोक पडलं आणि आतला दांडा, बाहेर काय चाललंय बघू या, अशा थाटात त्या भोकातून डोकावू लागला. सगळं ऑइल रस्त्यावर. थोरला खाली उतरला, कमरेवर हात ठेवून भोकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हलका माल."

थोरल्याच्या मते जगात माल हलकाच होता. माणसं दोन प्रकारची. एक मूर्ख आणि दुसरी, ज्यांची अजून ओळख झालेली नाही अशी. बायकोला तो पहिल्यातच धरायचा, पण ती स्वयंपाक चांगला करते म्हणून बोलून दाखवायचा नाही. म्हणजे जेवताना तरी दाखवायचा नाही.

गोदामाची रीत अशी की उघडण्याच्या दिवशी ज्याची गाडी फलाटाला पहिली लागेल, त्याचा हंगामभर पहिला नंबर. ती गाडी भरते, जाते, येते, पुन्हा भरते. बाकीच्या रांगेत उभ्या राहून पुढच्या गाडीची पाटी पाठ करतात. हा नंबर वडिलांपासून या घरात होता. एकदा सुटला की सुटला, मागचा माणूस तो परत देत नसतो. आणि मागे वीटभट्टीवाला होता. दुसऱ्या नंबरवर इतकी वर्षं काढल्यामुळे त्याच्या गाडीच्या बंपरलासुद्धा आशाळभूत वळण आलं होतं.

पण थोरल्याला चिंता नव्हती. घरात दुसरं इंजिन होतं. वडिलांनी जुना ट्रक मोडला तेव्हा त्याचं इंजिन तेवढं ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. तेही आता वाटणीत थोरल्याकडे आलं होतं.

वाटणी मामानं केली होती. मामाला लोखंडातलं काही कळत नव्हतं आणि जेवणाची वेळ टळत चालली होती. त्यानं जमिनीचं आटोपलं, मग काठीनं अंगणात एक रेघ ओढली. "रेघेच्या अलीकडे जे पडलंय ते थोरल्याचं, पलीकडे पडलंय ते धाकट्याचं. आता वाढा." ताडपत्रीखालचं इंजिन अलीकडे होतं. त्या इंजिनाच्या मागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि क्लच मात्र वडिलांनी साफ करायला काढून पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. साफ करायच्या आधी वडील गेले. रेघेला हे कुणी सांगितलं नव्हतं.

धाकट्यानं तेव्हाच विचारलं होतं, "दादा, हे फ्लायव्हील इंजिनाबरोबर जायला नको का?"

"ठेव तुला," थोरला म्हणाला होता. "तुझ्या लायकीचं तेवढंच आहे. भंगार."

चार पाहुण्यांसमोर म्हणाला होता. पाहुणे हसलेही होते. धाकट्यानं क्लच माळ्यावर टाकला, ते फ्लायव्हील उचललं आणि बायकोनं सांगितलं म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याच्या झाकणावर नेऊन ठेवलं. मांजराला झाकण उचकटता येऊ नये एवढं वजन त्याला होतं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. रेघेवर पुढे भिंत आली. ती कमरेएवढीच आहे, कारण अर्ध्यावर विटा संपल्या आणि आणखी विटा कुणी आणायच्या यावर एकमत होईना.

---

मिस्त्रीला गावात 'चालेल' म्हणत. कारण तो कशालाही चालेल म्हणायचा. चहा बिनसाखरेचा असला तरी चालेल, नट दुसऱ्याच गाडीचा असला तरी चालेल. त्यानं दुरुस्त केलेल्या गाड्या बऱ्याचदा चालत नसत, पण त्याचा नाइलाज होता.

मिस्त्रीनं अंगणात तीन पाइपांची तिकटी उभी केली, तिला चेनकप्पी टांगली आणि दोघांनी मिळून मेलेलं इंजिन वर ओढलं. ऊन डोक्यावर आलं होतं. साखळी हाताला चटके देत होती. काळ्या तेलाचे थेंब थोरल्याच्या पाठीवर पडत होते आणि घामाबरोबर खाली उतरून चड्डीच्या नाडीत मुरत होते. इंजिन हवेत लोंबकळत असताना मिस्त्रीला शिंक आली, तेव्हा थोरल्यानं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

दुपारी ताडपत्री निघाली. मिस्त्री आतल्या इंजिनाभोवती फिरला, मागच्या बाजूला उकिडवा बसला आणि बोटानं दाखवून म्हणाला, "याचं फ्लायव्हील?"

"फुटलेल्या इंजिनाचं लाव."

"लावलं असतं. भोकंसुद्धा जुळतायत. पण फ्लायव्हील ज्याला बसतं तो याचा क्रँक बघा मालक, मागून बोटभर आखूड आहे. म्हणून याचं फ्लायव्हील बोटभर जाड असतं. पातळ लावलं तर सगळा क्लच बोटभर पुढे जाऊन बसेल. मग तुम्ही पेडल दाबणार, बेअरिंग पुढे येणार, पण क्लचपर्यंत पोचणार नाही. क्लच सुटणारच नाही."

"बोटभरानं काय होतंय?"

"तेच म्हणतो मी. याचं जाड फ्लायव्हील असेल ना कुठंतरी?"

थोरल्यानं भिंतीपलीकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणूनच मिस्त्रीला कळलं की ते तिकडे आहे. भिंत कमरेएवढी. पलीकडे खुराडं, खुराड्यावर ते जाड काळं फ्लायव्हील, त्यावर एक कोंबडी पाय दुमडून बसलेली. आणि बाजूला बाजेवर धाकटा, शेंगा सोलत. शेंगा सोलायचे दिवस नव्हते. तो सकाळपासून सोलत होता.

"मागा की," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला.

"कुणाला? त्याला? ज्याला ट्यूबचा वॉल्व्ह कुठल्या बाजूला असतो ते कळत नाही, त्याच्या दारात मी उभा राहू?"

"क्लचही तोच लागेल. प्रेशर प्लेटची भोकं वेगळी असतात. ज्याचं फ्लायव्हील त्याचाच क्लच, ही जोडी फोडता येत नाही."

"तू मिस्त्री आहेस की मध्यस्थ?"

मिस्त्रीनं पान्याकडे पाहिलं. मग चुलीवर ठेवलेल्या चहाकडे पाहिलं. चहा उकळत आला होता.

"पातळ लावू म्हणता?"

"लाव."

"चालेल," मिस्त्री म्हणाला.

थोरल्याची बायको, थोरली, चहा घेऊन आली होती, तिनं हे ऐकलं. "अहो, मी विचारू का धाकटीला? आम्ही रोज नळावर भेटतोच. ती काल म्हणत होती की..."

"ती काय म्हणते ते मला ऐकायचं नाही."

"अहो, पण ती फ्लायव्हीलबद्दलच..."

"बायकांनी लोखंडात बोलायचं नाही."

थोरलीनं चहा ठेवला. जाता जाता कपाला म्हणाली, "लोखंडातच दिवस काढतेय मी." कप काही बोलला नाही.

इंजिन बसलं. नट आवळताना मिस्त्रीचा पाना निसटला आणि थोरल्याच्या अंगठ्याची साल गेली. त्यानं अंगठा तोंडात घातला, तेलासकट चोखला आणि त्याच तोंडानं म्हणाला की हल्लीचे पाने हलके असतात. संध्याकाळी सेल्फ मारला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज तर असा गोड की थोरलीसुद्धा दारात आली. थोरल्यानं मान वळवून भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं, "लोखंडाला लोखंड लागतं फक्त. बाकी सगळे शहाणपणाचे धंदे."

मग त्यानं पेडल दाबून पहिला गिअर टाकला. गिअरबॉक्स असा किंचाळला की खुराड्यावरची कोंबडी उडून धाकट्याच्या सोललेल्या दाण्यांत पडली. पुन्हा टाकला. पुन्हा किंचाळला.

"क्लच सुटत नाही," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

"मग काय करायचं?"

"गिअरमध्ये टाकूनच सेल्फ मारायचा. गाडी उडी मारेल आणि चालायला लागेल. पुढचे गिअर अंदाजानं बसतात. थांबायचं असलं की इंजिन बंद करायचं."

"अशी गाडी चालते?"

मिस्त्रीनं काय उत्तर दिलं ते सांगायला नको.

पलीकडे धाकटा बाजेवरून उठला, अंगावरची टरफलं झटकली आणि कुणाकडेही न बघता बायकोला म्हणाला, "ज्याला पाहिजे त्यानं तोंडानं मागावं. मी काही नाही म्हणणार नाही. फक्त तोंडानं मागावं." आणि आत गेला.

---

गोदाम उघडलं त्या सकाळी थोरल्यानं ट्रक उडी मारून सुरू केला. पहिल्या उडीत त्याचं डोकं केबिनच्या मागच्या पत्र्यावर आपटलं. पण गाडी निघाली. अंदाजानं गिअर बसत गेले, रस्ता मोकळा होता, गार वारा लागत होता. थोरल्याला वाटलं, क्लच ही गोष्टच मुळात दुबळ्या लोकांनी काढलेली असावी.

गोदामाच्या दारात तो सगळ्यांच्या आधी पोचला. वीटभट्टीवाला मागे. त्याच्या मागे बाकीचे. फलाटावर हमाल पाठीला गोणपाट बांधून उभे होते आणि त्यांचा मुकादम पायरीवर बसून तंबाखू मळत होता. मुकादमाला माणसांची आवड नव्हती. माणसं पोत्यासारखी एकावर एक रचता येत नाहीत, ही त्याची मुख्य तक्रार होती.

"घे मागं," मुकादम म्हणाला.

गाडी मागं घेऊन फलाटाला टेकवायची, एवढंच काम. थोरल्यानं गाडी बंद केली, रिव्हर्स गिअर टाकला आणि सेल्फ मारला. गाडी मागे उडाली. त्यानं पेडल दाबलं. गाडीला त्याची काही खबर नव्हती. ब्रेक दाबला, इंजिन धडधडत गुदमरलं, पण तोपर्यंत मागची फळी फलाटावर आपटली होती. पायरीचा एक दगड निखळून मुकादमाच्या पायाशी येऊन थांबला. मुकादमाच्या तळहातावरची तंबाखू उडाली.

 मग वीटभट्टीवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "थोरले, फलाट पुढं सरकवून देऊ का? तुम्हाला सोपं पडेल."

हमाल हसले. हमाल हसतात तेव्हा पोटातून हसतात, कारण त्यांची पोटं काम करून मजबूत झालेली असतात.

"वाकडी लागलीय," मुकादम म्हणाला. "सरळ कर."

सरळ करायला पुढे घ्यायची होती. गाडी पुढे उडाली आणि वीटभट्टीवाल्याच्या आशाळभूत बंपरला जाऊन टेकली. पुन्हा मागे. या वेळी फलाटापासून हातभर अलीकडेच मेली. मग सेल्फही थकला आणि नुसता कण्हायला लागला. थोरल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कानांतून वाफ निघतेय असं त्याला वाटत होतं.

मुकादम उठून दाराशी आला. "क्लच नाही का गाडीला?"

"आहे. थोडा जड चालतो."

"जड? मेलाय तो." मुकादम थुंकला. "तुझा बाप दोन बोटांत गाडी लावायचा. त्याच्याकडे बघून ऐकतो तुझं. ऊन उतरायच्या आत गाडी माणसासारखी लाव. तोवर मी माणसांना साफसफाईला लावतो. नाही लागली तर पहिला भरणा याचा." त्यानं वीटभट्टीवाल्याकडे हनुवटी उडवली. "मग हंगामभर माझ्याकडे रडत यायचं नाही."

हमालांनीच ढकलून गाडी सुरू करून दिली. घरी ती एका दमात गेली, कारण तिला थांबायचंच नव्हतं.

---

धाकट्याच्या दाराला थोरला वाटणीनंतर गेला नव्हता. आत जायचा रस्ता त्याला माहीत होता, तिथंच तो जन्मला होता. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि खाकरला.

"कोण?" धाकटा आतून म्हणाला. समोरच बसला होता. दोघांना एकमेकांची बोटं मोजता आली असती.

"मी."

"मी कोण?"

"आंधळा झालास का?"

"आंधळा नाही. आवाज ओळखीचा वाटेना, म्हणून विचारलं. बऱ्याच दिवसांनी ऐकला."

थोरल्यानं अंगठ्याचं सालपट ओढलं. रक्त आलं. "ते खुराड्यावरचं," तो म्हणाला.

"कोंबडी?"

"फ्लायव्हील."

"त्याचं काय?"

"पाहिजे."

"कुणाला?"

इथं थोरल्याला असं वाटलं की सरळ घरी जावं, ट्रक विकावा आणि उरलेलं आयुष्य झाडाखाली बसून काढावं. पण वीटभट्टीवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिरस्काराचंही एक गणित असतं, ज्याचा जास्त येतो त्याच्यापायी माणूस दुसऱ्याबद्दलचा गिळतो.

"मला पाहिजे," तो म्हणाला. "दे."

धाकट्याच्या चेहऱ्यावर एवढं सुख पसरलं की ते बघवत नव्हतं. "घेऊन जा की, दादा. भंगारच आहे. माझ्या लायकीचं."

थोरला वळला.

"फ्लायव्हील मागितलंस," धाकटा मागून म्हणाला. "क्लच नाही मागितलास."

"क्लच पण."

"क्लच पण काय?"

"क्लच पण दे!"

"प्लेट की प्रेशर प्लेट?"

"दोन्ही दे!"

"आणि बोल्ट?"

"अरे, बोल्ट पण दे, तुझ्या..." पुढचं वाक्य त्याला गिळावं लागलं, कारण त्या वाक्यातली आई दोघांची एकच होती.

दोघं मागच्या अंगणात आले. खुराड्यापाशी धाकटी कोंड्याचं टोपलं घेऊन उभी होती. थोरल्यानं फ्लायव्हीलला हात घातला.

"थांबा दादा," धाकटी म्हणाली. "आत पिल्लं आहेत. मांजर टपलंय. आधी एवढ्याच वजनाचा दगड आणून द्या, मग न्या."

"दगड?"

"ताईंना कधीची सांगतेय मी. हे काळं काढून न्या, त्याचा गंज पाण्याच्या भांड्यात पडतो. नुसता एक दगड द्या बदल्यात. त्या म्हणाल्या, सांगते घरात."



धाकटा बायकोकडे बघत राहिला. त्याचं सुख निम्म्यावर आलं होतं. "तू असं म्हणालीस?"

"मग? मला काय करायचंय तुमच्या फ्लायव्हीलचं? मला वजन पाहिजे."

कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडे थोरली उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की रडत होती ते थोरल्यानं तपासलं नाही. तपासलं असतं तर ऐकूनही घ्यावं लागलं असतं.

तेवढा मोठा दगड ओढ्याच्या कडेलाच होता. एकट्याला उचलेना. धाकटा आला, पण मदतीला नव्हे, असं त्यानं वाटेत सांगितलं. दगड खुराड्याला बरोबर बसतो की नाही ते बघायला आला होता. दोघांनी दगड दोन बाजूंनी धरला.

"तुझी बाजू खाली जातेय."

"माझी नाही, तुझी वर जातेय."

"लहानपणीही असंच करायचास. ओझं माझ्या अंगावर टाकायचास."

"तू मोठा होतास."

"अजूनही आहे."

"फक्त वयानं."

रस्त्याच्या कडेला पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हे सगळं पाहिलं. एकानं विचारलं, "काय, भिंत वाढवताय का?" दोघांनी एकदम त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दोघं सख्खे भाऊ आहेत यात शंका उरू नये.

---

फ्लायव्हीलवर कोंबड्यांची वर्षानुवर्षांची विष्ठा होती. मिस्त्री नाकाला फडकं बांधून ते पॉलिश पेपरनं घासत बसला. घासता घासता तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तू चालेल म्हणाला होतास," थोरला ट्रकखालून ओरडला.

"चालेल म्हटलं होतं. सुटेल म्हटलं नव्हतं."

गिअरबॉक्स उतरवला. पातळ फ्लायव्हील निघालं, जाड चढलं. ते वर धरून ठेवायला दोन माणसांचे हात लागत होते आणि मिस्त्री तिसरा, तो बोल्ट लावत होता. म्हणून धाकट्याला खाली यावं लागलं. दोघे भाऊ ट्रकखाली पाठीवर पडलेले, खांद्याला खांदा, फ्लायव्हील दोघांच्या छातीवर. धाकट्याच्या तोंडावर तेल ठिबकलं. थोरल्यानं आपल्या बाहीनं ते पुसलं. मग बाही मळली म्हणून त्याला शिवी दिली.

सगळं बसलं. थोरला चढला, पेडल दाबलं आणि पहिला गिअर टाकला. आवाज नाही. पेडल हळूच सोडलं तशी गाडी सरकली, दाबलं तशी थांबली. अंगणातल्या अंगणात बोटभर पुढे, बोटभर मागे.

कौतुक करायला काही तरी वाईट सापडेपर्यंत थोरल्याला वेळ लागला. "गंजवलं तुम्ही त्याला," तो शेवटी म्हणाला.

धाकटा पलीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसला.

"तू कुठं?"

"माझं फ्लायव्हील आहे आत. कसं फिरतंय ते बघायला नको?"

"दिलंस ना मला."

"मागितलंस म्हणून दिलं. विकलं नाही."

रस्ताभर दोघं दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत होते. ऊन कलत चाललं होतं. गोदामाच्या दारात वीटभट्टीवाला आपली गाडी पुसत होता. पुसून पुसून त्यानं तिचा रंग काढला होता. थोरल्यानं त्याच्याकडे न बघता वळण घेतलं, रिव्हर्स टाकला आणि पेडल सोडत सोडत गाडी इतकी हळू मागे नेली की फळी फलाटाला टेकली तेव्हा कुणाला कळलंही नाही. वीटभट्टीवाल्यानं हातातलं फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं.

मुकादम उठला. हंगामाचा पहिला भरणा करायच्या आधी तो मोठ्यानं विचारत असे, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जावं आणि मागाहून कुणी भांडू नये. आजही त्यानं फलाटावर उभं राहून विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझी," थोरला एका खिडकीतून म्हणाला.

"माझी," धाकटा दुसऱ्या खिडकीतून म्हणाला.

दोघांनी मग एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहिलं म्हटलं तरी चालेल.

"तुझी कशी?"

"क्लच दाबून बघ, मग सांगतो."

मुकादमानं दोघांचे चेहरे बघितले. त्याला मक्याच्या पोत्यांबद्दल नव्यानं आदर वाटला. त्यानं तळहातावर ताजी तंबाखू घेतली, चुन्याचं बोट फिरवलं आणि हमालांकडे वळला.

"भरा रे," तो म्हणाला. "भांडण खाली उतरलं की कळेल कुणाची ते."

पहिलं पोतं फळीवर आपटलं. वर केबिनमध्ये दोघं भांडतच होते.